ऑडीने दणकट ऑफरोडर विकावी का? जुन्या दुकानात नवा माल भरण्याआधी विचारायचे तीन प्रश्न



मागच्या बॅचमध्ये एका ताईंनी विचारलं, "सर, आमचं साड्यांचं दुकान सासऱ्यांच्या काळापासूनचं आहे. नाव चांगलंय, पण गिऱ्हाईक कमी होत चाललंय. शेजारी जीन्स तुफान खपते. आपणही ठेवायची का?"

मी त्यांना उलटा प्रश्न केला, "ताई, ऑडीने जीप विकावी का?" सगळी बॅच हसली. पण हे दोन्ही प्रश्न एकच आहेत, बरं का. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे नीट सांगतो.

ऑडीच का? कारण ती आपल्या शेंद्र्यात बनते

जालना रोडने शेंद्रा एमआयडीसीकडे गेलात की स्कोडाचा कारखाना लागतो. ऑडी आणि स्कोडा एकाच फोक्सवॅगन समूहातल्या. २००७ मध्ये ऑडी भारतात रीतसर आली आणि तिच्या गाड्यांची जुळणी याच कारखान्यात सुरू झाली. क्यू३, क्यू५, क्यू७ या गाड्या इथेच जुळतात. म्हणजे या ब्रँडचं बरं-वाईट झालं, तर त्याची झळ आपल्याच गावातल्या पोरांना लागते.

आलिशान गाडी आणि आपलं शहर यांचं नातंही जुनं आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका झटक्यात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, साधारण ६५ कोटी रुपयांच्या. देशभर बातमी झाली. त्यांना फक्त गाडी हवी होती का? नाही. "आमचं गाव मागास नाही" हे त्यांना सगळ्या देशाला ठणकावून सांगायचं होतं. महाग वस्तू घेणारा माणूस वस्तूसोबत एक निरोपही विकत घेतो, हे डोक्यात ठेवा.

आता तो निरोप बदललाय. तेव्हा ऐटबाज सेडान म्हणजे 'माणूस पोचला'. आज पैसेवाल्याला उंच, रुंद, खड्ड्याला न घाबरणारी गाडी हवी असते. लग्नाच्या मांडवाबाहेर नजर टाका, फॉर्च्युनर किती आणि सेडान किती ते मोजा.

आकडे काय सांगतात?

२०१३ मध्ये ऑडीने भारतात वर्षाला १० हजार गाड्यांचा टप्पा ओलांडला आणि आलिशान गाड्यांत पहिला नंबर मिळवला. २०२४ मध्ये हाच आकडा ५,८१६ वर आला. त्याच वर्षी मर्सिडीजने १९,५६५ गाड्या विकल्या. आणि टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरने २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारतात ६,१८३ गाड्या विकल्या. त्यात सगळ्यात जास्त खपली ती डिफेंडर, म्हणजे चौकोनी, दणकट, चिखलात घालता येणारी गाडी.

हे बघून कुणालाही वाटेल, "अरे, शेजाऱ्याचा माल खपतोय, आपणही ठेवू." ताईंच्या मनातही हेच होतं. इथेच थांबायचं असतं.

कारण 'दणकट' हा काही नुसता रंग नाही की मारला आणि झालं. खऱ्या ऑफरोडरला जमिनीपासून भरपूर उंची लागते. नाक आणि शेपूट असं कापलेलं लागतं, की चढाला टेकणार नाही. चारही चाकांना ताकद लागते. एक चाक हवेत गेलं तरी दुसऱ्याला जोर मिळेल अशी सोय लागते. हे सगळं महाग असतं, जड असतं आणि रोजच्या रस्त्यावर बऱ्याचदा उपयोगाचं नसतं. मग एवढा खर्च करून कंपनी कमावते कसा? तिच्या नावामागे खरी गोष्ट असेल तरच.

एकाच घरातल्या दोन गाड्या: एक तरली, एक बुडाली

मर्सिडीजची जी-क्लास १९७९ मध्ये आली. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ती तेव्हाही बनायची, आजही बनते. मूळ गाडी कष्टाची, लष्करी वापराचीसुद्धा. चौकोनी डबा, खाली शिडीसारखी भक्कम चौकट. आतली मशिनरी बदलली, गाद्या मऊ झाल्या, पण डब्याचा आकार त्यांनी हलू दिला नाही. २०२३ पर्यंत अशा ५ लाख गाड्या बनल्या. आज ती कोटींमध्ये विकली जाते. घेणाऱ्यांपैकी कितीजण ती चिखलात घालत असतील, हा वेगळा विषय. पण घालायची म्हटली तर ती जाते, यावर कुणाला शंका नाही.

त्याच मर्सिडीजने २०१७ मध्ये एक्स-क्लास नावाचा पिकअप आणला. सांगाडा निस्सानच्या नवारा पिकअपचा. वर मर्सिडीजचा तारा आणि मर्सिडीजची किंमत. गिऱ्हाईकाने तो उघडून बघितला, आत शेजाऱ्याचा माल ओळखला आणि म्हणाला, मग मी नवाराच घेतो ना! २०२० मध्ये गाडी बंद झाली.

म्हणजे दुसऱ्याचा सांगाडा घेतला की बुडतोच का? तसंही नाही. ऑडीच्याच समूहातल्या पोर्शेचं उदाहरण घ्या. स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या पोर्शेने २००२ मध्ये केयेन ही मोठी, उंच गाडी आणली. चाहते भडकले. तिचा पाया फोक्सवॅगनच्या तुआरेगसोबत मिळून बनवलेला होता. पण इंजिन आणि चालवण्याची मजा यावर पोर्शेने स्वतः मेहनत घेतली. गाडी चालवणाऱ्याला स्टिअरिंगमध्ये पोर्शेचा हात जाणवला. केयेन तुफान खपली आणि तिच्या कमाईने पोर्शेच्या स्पोर्ट्स कारनाही आधार मिळाला.

तर फरक कशात पडला? माल कुठून आला यात नाही, त्यात तुमचा हात जाणवतो का यात.

ऑडीच्या मुळाशी काय आहे?

आता गंमत ऐका. ऑडीची सगळ्यात मोठी ओळख म्हणजे क्वाट्रो, चारही चाकांना ताकद देणारी रचना. ती कुठून सुचली? एका जीपवरून!

फोक्सवॅगनच्या नावाने जर्मन लष्करासाठी इल्टिस नावाची साधी, कणखर गाडी बनत होती. तिच्यावर काम ऑडीचे इंजिनिअर करत होते. १९७६-७७ च्या हिवाळ्यात फिनलंडमध्ये चाचण्या चालल्या होत्या. बर्फावर ही जेमतेम ७५ अश्वशक्तीची इल्टिस भारी ताकदीच्या कारना मागे टाकू लागली. यॉर्ग बेन्सिंगर नावाच्या इंजिनिअरच्या डोक्यात विचार आला, हीच गोष्ट वेगवान कारमध्ये टाकली तर? त्यातून १९८० मध्ये ऑडी क्वाट्रो आली आणि तिने रॅलीचं जग बदलून टाकलं. त्याच वर्षी पॅरिस-डकार रॅली कुणी जिंकली माहितीय? इल्टिसने! पुढे २०२४ मध्ये सौदी अरेबियात झालेली डकार रॅली कार्लोस सेन्झने ऑडीच्याच गाडीतून जिंकली.

म्हणजे ज्या ब्रँडला आपण 'चकचकीत, साहेबांची गाडी' म्हणतो, त्याचं मूळ चिखलात आणि बर्फात आहे. पण ही गोष्ट शोरूममध्ये कुणी सांगतं का? डकार जिंकलेल्या गाडीचा गुण अंगात असलेली, साध्या गिऱ्हाईकाला घेता येईल अशी गाडी तिथे उभी असते का? २०२५ मध्ये ऑडीने क्यू६ ई-ट्रॉनचा एक उंच, रानात जाणारा नमुना दाखवला. नमुना दाखवणं वेगळं आणि दुकानात माल लावणं वेगळं.

आता माझ्या दुकानाची गोष्ट

हे सगळं मी पुस्तकातून शिकलो असं वाटत असेल, तर नाही. मी ते ५७,६०० रुपये देऊन शिकलो.

आमचं औरंगपुऱ्यात चपला-बुटांचं दुकान आहे. वडिलांची खासियत म्हणजे लग्नाचे आणि ऑफिसचे लेदर बूट. बीबीए करून मी गल्ल्यावर बसलो तेव्हा स्पोर्ट्स शूज आणि ऑनलाइनमुळे धंदा निम्म्यावर आला होता. मला वाटलं, वाळूजला एवढे कारखाने आहेत, सेफ्टी शूज ठेवू. एका बाहेरगावच्या व्यापाऱ्याकडून ४८० रुपयांना एक असे १२० जोड उचलले, आपल्या दुकानाचं स्टिकर लावलं आणि विकायला सुरुवात केली.

दोन महिन्यांत ३१ जोड परत आले. सोल सुटले. पैशांचं जाऊ द्या. एक गिऱ्हाईक आलं, त्यांनी लग्नातले बूट आमच्याकडूनच घेतले होते. वडिलांना म्हणाले, "शेठ, तुमच्या दुकानाचा म्हणून घेतला होता." वडिलांनी मान खाली घालून पैसे परत दिले. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. शेवटी उरलेला मालही मी विकला नाही.

दोन वर्षांनी मी परत सेफ्टी शूज ठेवले. पण त्याआधी स्वतःला विचारलं, लोक आपल्याकडे का यायचे? उत्तर समोरच होतं. वडील गिऱ्हाईकाचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलने आखून घ्यायचे. रुंद पंजा, उंच चवडा, सगळं बघून माप द्यायचे. आणि कामगारांची तक्रार काय होती? सेफ्टी शूज बोटांना चावतो! लोखंडी टोप पायाप्रमाणे सैल होत नाही, त्यामुळे माप चुकलं की आठ तास शिक्षा.

मग मी तपकिरी कागद घेऊन वाळूजच्या एका ठेकेदाराकडे गेलो आणि ४० जणांचे पाय आखून आणले. माल कंपनीचाच घेतला, पण आयएसआय मार्क असलेला आणि रुंद मापाचा. किंमत दुपटीहून जास्त. दुकानाच्या बाजूच्या शटरमध्ये वेगळा लावला, लग्नाच्या बुटांशेजारी नाही. आज महिन्याला ३०-३५ जोड जातात. बंगला नाही झाला. पण परत आलेला जोड हाताच्या बोटांवर मोजावा लागतो, आणि आता कागदावर पाय आखायला वडील स्वतः बसतात.

पहिल्यांदा मी एक्स-क्लास आणली होती मित्रांनो, दुसऱ्यांदा केयेन.

मग ऑडीने विकावी का?

माझं मत: विकावी. पण समूहातली दुसरी गाडी उचलून, चार रिंगा चिकटवून नाही. इल्टिसपासून डकारपर्यंतची जी शिदोरी स्वतःची आहे, ती चालवणाऱ्याच्या हाताला जाणवली पाहिजे. आणि एक इशारा: नवा माल आजारी दुकानाचं औषध नसतो. गिऱ्हाईक जुन्या मॉडेलमुळे, महाग सर्व्हिसमुळे किंवा वागणुकीमुळे जात असेल, तर नवी जीप आणूनही ते जाणारच. आधी ते कारण शोधा.

तुमच्यासाठी तीन प्रश्न. वहीत लिहा:

१. गिऱ्हाईक का कमी झालं? माल जुना झाला म्हणून, की आपण जुने झालो म्हणून? दुरावलेल्या १० गिऱ्हाइकांना फोन करून विचारा. अंदाज बांधू नका.

२. नव्या मालात माझा हात कुठे आहे? दुकानाचं नाव झाकलं तरी "हा यांच्याकडचाच" असं गिऱ्हाईक म्हणेल का? नसेल म्हणत, तर तुम्ही फक्त शेजाऱ्याशी भावात भांडणार आहात.

३. हा माल फसला तर काय जाईल? फक्त पैसे गेले तर परत कमवता येतात. नाव जाणार असेल, तर आधी थोडा माल, वेगळ्या कोपऱ्यात, आणि परत घ्यायची तयारी ठेवून.

त्या ताईंनी दुसऱ्याच दिवशी १० गिऱ्हाइकांना फोन लावले. सात जणींनी एकच सांगितलं, "तुमच्याकडे फॉल-पिको आणि ब्लाउज वेळेवर मिळत नाही." जीन्सचा विषय कुणीच काढला नाही. ताईंनी आता एक टेलरबाई पूर्णवेळ ठेवली आहे. जीन्सचे पैसे अजून बँकेतच आहेत.

तुम्हीही आज संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी पहिला फोन लावा.