‘प्रिंट’ची आज्ञा दिली, पण प्रिंटर ढिम्मच!
प्रतिनिधी

परीक्षेचे प्रवेशपत्र, बँकेचा अर्ज किंवा विमानाचे तिकीट छापायचे असते, मुदत संपत आलेली असते आणि नेमका त्याच वेळी प्रिंटर मौन धारण करतो. संगणक कोणतीही तक्रार करीत नाही, दिवा हिरवा असतो, कागदही भरलेला असतो; तरीही पान काही बाहेर येत नाही. अशा वेळी बहुतेक जण ‘प्रिंट’चे बटण पुन:पुन्हा दाबतात. प्रत्यक्षात त्यामुळे अडचण वाढतच जाते. हे असे का होते, ते समजून घेण्यासाठी छपाईच्या आज्ञेचा प्रवास पाहायला हवा.

आज्ञेचा प्रवास

आपण आज्ञा दिली, की दस्तऐवज थेट प्रिंटरकडे जात नाही. विंडोज प्रणालीत ‘प्रिंट स्पूलर’ नावाची एक सेवा पडद्याआड सतत कार्यरत असते. ती दस्तऐवज ताब्यात घेऊन हार्डडिस्कवर तात्पुरत्या फाइलच्या स्वरूपात ठेवते. ‘ड्रायव्हर’ हे सॉफ्टवेअर त्याचे प्रिंटरला समजेल अशा भाषेत रूपांतर करते आणि मग एकेक काम क्रमाने पुढे पाठवले जाते. या रांगेतील पहिलेच काम खराब झाले वा अर्धवट राहिले, तर मागची सारी कामे खोळंबतात. फाइल डिस्कवरच असल्याने संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तरी रांग अनेकदा तशीच राहते. वारंवार दाबलेल्या बटणाची कामेही याच रांगेत साचतात आणि अडथळा दूर होताच एकाच पानाच्या दहा प्रती बाहेर पडतात.

दोष नेमका कोठे?

आधी प्रिंटर संगणकाविना तपासावा. बहुउपयोगी प्रिंटर असल्यास एखाद्या कागदाची झेरॉक्स काढून पाहावी. ती नीट निघाली, तर यंत्र ठीक असून दोष जोडणीत किंवा संगणकात आहे, असे समजावे. ती निघाली नाही, तर अडकलेला कागद, उघडे झाकण, संपलेली शाई यांकडे वळावे.

त्यानंतर जोडणी. यूएसबी केबल हबमधून न लावता थेट संगणकाला लावावी. मात्र, केबलचे पोर्ट बदलल्यास विंडोज काही वेळा त्याच प्रिंटरची ‘कॉपी १’ अशी दुसरी नोंद तयार करते. आपण जुन्या नोंदीकडे काम पाठवत राहतो आणि ते कोठेच पोहोचत नाही. वाय-फाय प्रिंटरची गोष्ट थोडी निराळी. वीज जाऊन आल्यावर राउटर प्रिंटरला नवा आयपी पत्ता देऊ शकतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर शोध घेत राहतो. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवणे, हा त्यावरील कायमचा उपाय होय.

प्रिंटरच्या रांगेची विंडो उघडून ‘पॉज’ किंवा ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’ हा पर्याय चुकून निवडला गेला नाही ना, हेही पाहावे. विंडोज १० व ११ मध्ये मूळ अर्थात ‘डीफॉल्ट’ प्रिंटर ठरवण्याचे काम विंडोजवर सोपवता येते. तसे असल्यास शेवटी वापरलेला प्रिंटर मुख्य ठरतो आणि घरचे काम भलत्याच प्रिंटरच्या नावे जाते. तो पर्याय बंद करून आपला प्रिंटर स्वत: निवडावा.

रांग मोकळी करताना

रांगेतील काम ‘कॅन्सल’ करूनही हटत नसेल, तर प्रिंटर बंद करावा. स्टार्ट मेनूच्या शोधचौकटीत ‘सर्व्हिसेस’ हा शब्द इंग्रजीत टाइप करून येणाऱ्या यादीतील ‘प्रिंट स्पूलर’ थांबवावा. मग सी ड्राइव्हमधील विंडोज, सिस्टिम ३२, स्पूल या क्रमाने ‘प्रिंटर्स’ फोल्डरपर्यंत जावे. त्यातील फाइल पुसाव्यात. फोल्डर मात्र पुसू नये. यानंतर स्पूलर पुन्हा सुरू करून प्रिंटर चालू करावा आणि चाचणीचे एकच पान छापून पाहावे. यासाठी संगणकाच्या प्रशासकाचे अधिकार लागतात.

एवढ्यानेही भागले नाही, तर जुना ड्रायव्हर काढून उत्पादक कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून नवा घ्यावा. कार्यालयात मात्र हे काम संगणक विभागावर सोपवणे इष्ट. २०२१ मध्ये स्पूलरमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ ही गंभीर सुरक्षा-त्रुटी उघड झाली. त्यानंतर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने नेटवर्कवरील प्रिंटरचा ड्रायव्हर बसवण्यासाठी प्रशासकाची परवानगी आवश्यक केली.

अनोळखी मदतीपासून सावध

घाईत इंटरनेटवर ‘हेल्पलाइन’ शोधून मिळेल त्या क्रमांकावर दूरध्वनी करण्याचा मोह टाळावा. बनावट मदत केंद्रे दूरनियंत्रणाचे अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगतात. संगणकाचा ताबा एकदा त्यांच्याकडे गेला, की प्रिंटर बाजूला राहतो आणि बँक खाते रिकामे होते. सेवा केंद्राचा क्रमांक प्रिंटरच्या खोक्यावरील माहितीतून किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. फसवणूक झालीच, तर विनाविलंब १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. आणि मुदतीचे काम असेल, तर दस्तऐवज पीडीएफ स्वरूपात पेन ड्राइव्हवर घेऊन जवळचे झेरॉक्सचे दुकान गाठावे. प्रिंटरची दुरुस्ती नंतर निवांतपणे करता येते.