मेणकिडा आणि प्लॅस्टिकचा कचरा

मधमाशा पाळणाऱ्या शेतकऱ्यांना मेणकिड्याची ओळख नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. या पतंगाची मादी दुर्बळ वसाहतीच्या पेटीत, फटींतून अंडी घालते. अळ्या पोळ्यातील मेण पोखरून रेशमी जाळी विणतात आणि अखेरीस माशा पेटी सोडून जातात.

असा हा उपद्रवी कीटक आज संशोधनाचा विषय झाला आहे. स्पेनमधील जीवशास्त्रज्ञ फेदेरिका बेर्तोक्किनी यांनी आपल्या पेट्यांतून काढलेल्या अळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्या असता पिशवीस भोके पडली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सुमारे १०० अळ्यांनी १२ तासांत पिशवीचे वजन ९२ मिलिग्रॅमने घटविले. प्लॅस्टिकचे खरोखर विघटन झाले काय, असा आक्षेप जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी त्याच वर्षी घेतला. पुढे २०२२ साली बेर्तोक्किनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अळीच्या लाळेतील दोन विकरे शोधून काढली. ही विकरे साध्या तापमानात काही तासांतच पॉलिथिनवर रासायनिक क्रिया करतात. मेण व पॉलिथिन या दोहोंच्या रेणूंत कार्बनच्या लांब साखळ्या असतात, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मग या अळ्या उकिरड्यावर सोडाव्यात काय? मुळीच नाही. वरील वेगाने १ किलो प्लॅस्टिक संपविण्यास १०० अळ्यांना अखंड सुमारे १५ वर्षे लागतील. शिवाय अळ्यांचे पतंग होऊन ते परिसरातील मधपेट्यांत शिरतील. मधमाशा कमी झाल्या म्हणजे सूर्यफूल, कांदा-बियाणे, डाळिंब यांच्या परागीभवनास बाध येतो. या शोधाचा उपयोग विकरांच्या द्वारे, प्रयोगशाळेतूनच व्हावयाचा आहे.

तोपर्यंत पुढील गोष्टी शेतकरी बंधूंच्या हाती आहेत. पीक निघताच आच्छादनाचा प्लॅस्टिक कागद तुकडे होण्यापूर्वीच गोळा करावा. तो नांगरून मातीत गाडू नये व जाळूही नये, कारण त्याचा धूर विषारी असतो. ठिबकच्या जुन्या नळ्या व खतांच्या रिकाम्या पिशव्या वेगळ्या साठवून पुनर्वापरासाठी द्याव्यात. मधपेट्यांचे तळपाट वेळोवेळी स्वच्छ करावेत, रिकामी पोळी काढून घ्यावीत आणि वसाहती सशक्त राखाव्यात. सशक्त वसाहतीतील माशा मेणकिड्यास सहसा थारा देत नाहीत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती सभांतून समजावून द्यावी. निसर्गाने प्लॅस्टिकवर तोड दाखविली असली, तरी शेत स्वच्छ ठेवण्याचे काम अळीवर सोपविता येणार नाही.