तेलाच्या विहिरीचा पानाड्या

परवा आमच्या परसात बोअर घेतली. सकाळी आधी पानाड्या येऊन गेला. उंबराची बेचकी दोन्ही मुठींत धरून तो परसभर फिरला, पारिजातकापाशी बेचकी खाली वळली आणि त्याने चुन्याची फक्की टाकून तिथे फुली मारली. काडीला पाणी कळतं यावर माझा काडीचाही विश्वास नाही. पण आमच्या हिचा आहे, आणि परस तिचं आहे.

दुपारी तिरुचेंगोडची गाडी आली. तामिळनाडूतलं हे गाव. भारतभर बोअर मारत फिरणाऱ्या कितीतरी गाड्या तिथल्याच. कॉम्प्रेसर सुरू झाला तशी आमची पोरं, मुक्ता आणि ईशान, कानांत बोटं घालून ओट्यावर उभी राहिली. आधी तांबूस माती उडाली, मग पिवळट मुरूम, मग काळ्या कातळाचं करडं पीठ. गाडीवरचा अण्णा मधूनच खाली उतरे, चिमूटभर पीठ तळहातावर चोळून बघे आणि वरच्याला काहीतरी ओरडून सांगे.

"आबा, तो भुकटी कशाला बघतो?" ईशानने विचारलं.

"खाली आपण कुठे पोचलोय ते बघतो."

"मग तुम्ही समुद्रात बोअर मारायचात, तिथेही भुकटीच बघायचात?"

मी हसलो. नोकरीची माझी बरीचशी वर्षं भुकटी बघण्यातच गेली. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत मुंबई हाय आहे. १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या जहाजवजा रिगने तिथे पहिल्यांदा तेल गाठलं, आणि मीही पुढे त्याच पाण्यावर जाऊन पोचलो. ते तेल चुनखडकात आहे, आणि तो चुनखडक समुद्रातल्या जिवांच्या कवचांचा. हे ऐकल्यावर मुक्ता कानांतली बोटं काढून जवळ येऊन बसली. तेव्हा म्हटलं, चला, आज या पोरांना वालहालची गोष्ट सांगू.

नॉर्वेच्या दक्षिणेकडे, उत्तर समुद्रात, जेमतेम ७० मीटर पाण्याखाली वालहाल नावाचं तेलक्षेत्र आहे. ते १९७५ साली सापडलं आणि १९८२ पासून तिथून तेल निघतंय. नाव ठेवणाऱ्याने मजा केली आहे. नॉर्वेच्या जुन्या देवकथांत वालहाल म्हणजे ओडिन देवाचा महाल. रणात पडलेले वीर मेल्यावर तिथे राहतात. इथेही मेलेलेच राहतात, फक्त वीर नव्हेत, शेवाळं. इथला तेलाचा खडक म्हणजे खडू. शाळेतला नव्हे हं, तो हल्ली बहुतेक जिप्समचा असतो. हा खरा खडू, इंग्लंडच्या डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांसारखा.

समुद्राच्या उजेडात एकपेशी शेवाळं तरंगतात, कॉकोलिथोफोर नावाची. हा एवढासा जीव स्वतःभोवती चुन्याच्या नक्षीदार चकत्यांचं चिलखत घालतो. एकेक चकती काही मायक्रॉनची, म्हणजे तुझ्या एका केसाच्या जाडीवर दहा-पंधरा सहज ओळीने मांडता येतील. जीव मेला की चकत्या तळाशी बसतात. हजार वर्षांत जमून जमून थर चढतो तो दोन-चार सेंटिमीटरचा. डायनोसॉर असताना हा पाऊस कोट्यवधी वर्षं पडत राहिला आणि त्याचा शेकडो मीटर जाड खडू झाला. वालहालला तो समुद्रतळाखाली अडीच किलोमीटरच्या आसपास आहे, आणि चांगल्या जागी त्यातली निम्मी जागा पोकळ, तेलाने भरलेली. चकत्यांच्या फटीफटींत तेल!

"मग बोअर मारायची नि काढायचं," ईशान म्हणाला.

तिथेच तर गोम आहे. फटी पुष्कळ, पण इतक्या बारीक की तेल त्यातून मुंगीच्या पावलांनीही येत नाही. वरून सरळ भोक पाडलं तर चांगल्या थरातून ते काही मीटरच जाणार. म्हणून भोक वाकवायचं आणि थराच्या आतून आडवं, किलोमीटरभर न्यायचं. पोलाद कसं वाकेल म्हणता? खराट्याचा हीर घ्या. बोटभर तुकडा कडक असतो, सबंध हीर लवतो. नऊ-नऊ मीटरचे पाइप जोडत तीन किलोमीटरचा दांडा केला की तोही हिरासारखाच वागतो. टोकाशी खडक कातणारं बिट, आणि त्याच्या मागे एका अंशाचा-दोन अंशांचा बाक दिलेली मोटर असते. ती बाकाच्या दिशेने कातत जाते आणि शेकडो मीटरचा हलका वळसा घेते.

म्हणजे वळता येतं. पण वळायचं कुठे? वर शेलचा थर आहे, चिकणमातीचा. त्यात शिरलात तर तेल नाही, उलट भोक ढासळायची भीती. खाली जुना, घट्ट खडू. मधला चांगला थर जाडीने सारखा नाही: कुठे बराच जाड, कुठे संपलेलाच. शिवाय भेगांनी तो वरखाली सरकलेला.

एरवी अशा वेळी आवाज मदतीला येतो. समुद्रात धडाका करायचा, खालच्या थरांवरून परतणारे प्रतिध्वनी ऐकायचे आणि त्यावरून नकाशा काढायचा. वालहालच्या माथ्यावर मात्र खडकांत वायू शिरून बसलाय. त्या वायूच्या ढगातून आवाज विस्कटतो, आणि नेमक्या हव्या त्या जागेचं चित्र धुरकट येतं. (२००३ मध्ये समुद्रतळावर कायमचे ऐकणारे कान बसवले, मग बरंच सुधारलं.) बिटच्या मागे गॅमा किरण मोजणारं यंत्र असतं. शेलमध्ये पोटॅशियम, थोरियम जास्त म्हणून किरण जास्त, खडूत कमी. यंत्राचा निरोप वर यायला तार नाही हं; नळीतल्या चिखलात दाबाचे ठोके देत तो येतो, पडवीतून भिंतीवर टकटक केल्यासारखा. पण यंत्र एवढंच सांगतं की खडूत आहोत. खडूत कुठे, वर की खाली, हे त्याला कळत नाही. सगळंच पांढरं!

इथे मला आपली लोकल आठवते. गर्दीत मान वळवायला जागा नाही, स्टेशनची पाटी दिसत नाही. पण पूर्वी बिस्किटांचा गोड वास आला की डोळे मिटूनही कळायचं, पार्ले आलं. खडूतही असा वास घेणारा माणूस लागतो. तो रिगवरच राहतो, सूक्ष्मदर्शक घेऊन.

आता त्याच्या हाती भुकटी येते कशी ते ऐका. आपल्या बोअरला हवा भुकटी वर फेकते, तिथे चिखल फेकतो. हा चिखल म्हणजे ड्रिलिंग मड. पाइपातून खाली जातो आणि बाहेरच्या बाजूने चुरा घेऊन वर येतो. वर शेल शेकर असतो, गव्हाच्या चाळणीचा थोरला भाऊ, सतत थरथरणारा. चाळणीवर चुरा राहतो. पण अडीच-तीन किलोमीटरवरून वर यायला चुऱ्याला तासभर, कधी त्याहून जास्त लागतो, तोवर बिट पुढे गेलेलं. म्हणून अडचणीच्या जागी कातणं थांबवतात, नुसता चिखल फिरवत ठेवतात आणि तळाचा चुरा येईपर्यंत वाट बघतात. रिगचं दिवसाचं भाडं ठाऊक असलेल्या माणसाला ती वाट फार लांब वाटते.

चुरा आला की तो माणूस चिमटीभर घेऊन काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरतो, सुकवतो आणि हजारपट मोठा करून बघतो. पाच-दहा मिनिटांचं काम. ध्रुवित प्रकाशात कित्येक चकत्यांवर काळी फुली उमटते, आपल्या पानाड्याने मारली तशी. काच फिरवली की फुलीचे पंख फिरल्यासारखे दिसतात. माझ्या मते जगातली ही सगळ्यात सुंदर भुकटी आहे, पण मी त्यातलाच, माझं ऐकू नका.

मुक्ताने बरोबर नेम धरला. "पण आबा, चकत्या तर सगळीकडेच असणार. जागा कशी कळणार?"

मी उठून आतून डबा आणला, माझ्या आजोबांचा. त्यातून भोकाचा पैसा काढला. हा १९४३ ते १९४७ एवढीच वर्षं पाडला. मग 'नया पैसा' असं लिहिलेलं नाणं काढलं. तशी नाणी १९५७ पासूनची, १९६४ मध्ये त्यांवरचा 'नया' हा शब्द गेला. समजा, बाजाराच्या मैदानात शंभर वर्षं लोकांची नाणी पडत राहिली आणि त्यावर धूळ बसत गेली. खणताना भोकाचा पैसा लागला तर आपण कुठल्या काळात आहोत? नया पैसा लागला तर?

"भोकाचा खाली, नया वर," दोघंही ओरडली.

चकत्यांचं तसंच. काळागणिक जाती बदलल्या, नव्या आल्या, जुन्या नाहीशा झाल्या, आणि एकदा गेलेली जात पुन्हा कधी पाडली गेली नाही. नेफ्रोलिथस फ्रीक्वेन्स ही चकती घ्या: मूत्रपिंडाच्या आकाराची, तिच्यावरही भोकंच भोकं. ती खडूच्या वरच्या, उशिराच्या थरात सापडते. रीनहार्डटायटीस लेव्हिस त्याआधीच संपलेली. ती दिसू लागली की आपण खाली उतरलो, बिट वर उचला. आणि जुन्या ओळखीच्या चकत्या अचानक गायब होऊन नव्याच बारक्या चकत्या भरल्या तर? तर तुम्ही ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची हद्द ओलांडून वर आलात, डायनोसॉर जिथे संपले ती. या हद्दीवर कॉकोलिथोफोरच्या बहुतेक जाती बुडाल्या. 'दोन मीटर खाली घ्या' असं सूक्ष्मदर्शकावरच्या माणसाने म्हणायचं आणि तीन किलोमीटर लांबीच्या पोलादाने ऐकायचं. याला बायोस्टिअरिंग म्हणतात.

चकत्यांच्या आधी खडकाचं वय सांगण्याचं काम फोरामिनिफेरा करत. तेही एकपेशीच, पण वाळूच्या कणाएवढे, शंखांसारखे दिसणारे. १९२१ मध्ये एस्थर अ‍ॅप्लिन नावाच्या तरुण अमेरिकन बाईने विद्वानांच्या सभेत मांडलं की या कवचांवरून टेक्सासमधल्या तेलाच्या खडकांचं वय ठरवता येईल, तेव्हा तिची टर उडवली गेली. तिने, अल्वा एलिसरने आणि हेडविग निकरने काम सोडलं नाही. १९२५ मध्ये तिघींनी मिळून ते छापलं, आणि पुढे तेल कंपन्यांनी सूक्ष्मदर्शकवाल्यांना शोधून शोधून नोकरीला ठेवलं. हल्लीच्या बिटला कृत्रिम हिऱ्याच्या चकत्या असतात. त्या खडकाचं इतकं पीठ करतात की फोरामिनिफेरा चुरडतात. कॉकोलिथोफोरच्या चकत्या मात्र जात्यातून राजगिरा निसटावा तशा निसटतात.

तेल काढल्यावर खडू रिकामा होऊन दबतो, हेही सांगून टाकतो. शेजारच्या एकोफिस्क क्षेत्रात समुद्रतळ इतका खचला की १९८७ मध्ये तिथले प्लॅटफॉर्म ६ मीटर वर उचलावे लागले. ईशानला गोष्टीतला हाच भाग सगळ्यात जास्त आवडला.

एवढ्यात अण्णा पुन्हा खाली उतरला. मीही जाऊन करडं पीठ हातावर घेतलं. मुक्ताने विचारलं, यातही चकत्या असतील का? नाही गं, हा लाव्हा, यात जीव कुठला? पण याचं वय विचार. आपला सह्याद्री ओतला गेला तोही ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आगेमागे. इकडे हा काळा कातळ वाहत होता, तेव्हा तिकडे उत्तर समुद्रावर तो पांढरा पाऊस पडत होता. तिने तळहात नाकाजवळ नेऊन हुंगला.

संध्याकाळी १८० फुटांवर, दोन लाव्हांच्या मधल्या तांबड्या थरात पाणी लागलं. ही म्हणाली, पानाड्यानं सांगितलं होतंच. मी गप्प बसलो.

तोवर पोरांनी दर २० फुटांना भुकटीची एकेक पुडी बांधून वर आकडा लिहिला होता. गाडी थांबली २२० ला, म्हणजे अकरा पुड्या. रात्री त्या ओट्यावर ओळीने मांडून दोघं झोपली. सकाळी उठून बघतात तर १२० ची पुडी नाही. हिने राख समजून त्या भुकटीने कढई घासली होती. मुक्ता पुढच्या पुड्या मागे सरकवायला लागली तर ईशानने तिचा हात धरला. तेवढी जागा त्याने मोकळीच ठेवली आहे.