सरकार किती मोठं? कापसाला विचारा!

‘‘आपण कुठं टॅक्स भरतो यार? टॅक्स तर नोकरीवाले भरतात.’’ कॉलेजबाहेरच्या टपरीवर परवा एका मित्रानं हे वाक्य टाकलं आणि लगेच मोबाइलवर 299 रुपयांचा रिचार्ज मारला. मी तिथंच गणित केलं. रिचार्जवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 299 मधले 45 रुपये 61 पैसे करात गेले. ‘‘भरला ना टॅक्स, बावा!’’

सरकार आपल्या खिशात असं गुपचूप येतं. कधी हात मागंही घेतं. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या-पेन्सिलींवरचा जीएसटी शून्य झाला. पण सरकार किती मोठं आहे, हे फक्त टॅक्सवरून मोजायचं का? आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तरी याचं उत्तर कापसात सापडतं.

विकायचं कुणाला?

माझ्या आजोबांनी आयुष्यात इन्कम टॅक्स भरला नाही. शेतीच्या उत्पन्नावर तो लागतच नाही. पण सरकार त्यांच्या बंडीसोबत चालायचं. महाराष्ट्रात 1972 मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्यानं कापूस सरकारी केंद्रावरच द्यायचा, खासगी व्यापाऱ्याला नाही, राज्याबाहेर तर नाहीच. पैनगंगेपलीकडं आदिलाबादला भाव जास्त असला, तरी तिकडं कापूस नेणं गुन्हा. स्वतःच्या शेतातला माल नेणारा ‘तस्कर’ ठरायचा! चुकारे हप्त्या-हप्त्यानं मिळायचे.

दुसरी बाजूही आहे. बाहेर भाव पडले की हीच योजना आधार वाटायची. तेव्हा उलट शेजारच्या राज्यांतला कापूस चोरून इकडं यायचा. चढ्या भावानं घेतलेल्या कापसाचा तोटा मात्र सरकारी तिजोरीवर, म्हणजे शेवटी सगळ्यांवरच बसला. 2002 च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यांना दार उघडलं आणि एकाधिकार संपला.

पावती नसलेला कर

मग शेतकरी मोकळा झाला? पूर्ण नाही. 5 मार्च 2012 ला केंद्रानं कापसाच्या निर्यातीवर अचानक बंदी घातली. थोड्याच दिवसांत ती सैल केली, पण बाजाराला जायचा तो धक्का गेलाच. आणि गेल्या वर्षी, 19 ऑगस्ट ते 31 डिसेंबर 2025 या काळात, आयात कापसावरचं 11 टक्के शुल्क माफ झालं. अमेरिकेच्या वाढीव टॅरिफमुळं अडचणीत आलेल्या कापड उद्योगाला त्यानं दिलासा मिळाला. पण आपल्याकडं कापूस वेचणी नेमकी याच दिवसांत असते. म्हणजे एकाचा टॅक्स कमी झाला, तेव्हा दुसऱ्याच्या भावावर दाब आला.

धोरणामुळं शेतकऱ्याला मिळू शकणाऱ्या भावापेक्षा कमी मिळतं, त्याला शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी ‘उणे सबसिडी’ म्हणायचे. हा असा कर आहे, ज्याची पावती कुणी देत नाही.

मग सरकार नकोच?

इथं मी स्वतः अडखळते. 2017 मध्ये आपल्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. दुकानात कोणतं औषध विकलं जातंय, फवारणाऱ्याला मास्क-हातमोजे मिळतात का, दवाखान्यात उपचाराची सोय आहे का, हे बघायला तिथं सरकारच हवं होतं. ती कामं बाजार आपणहून करत नाही. आणि त्यासाठी लागणारा पैसा टॅक्समधूनच येतो.

2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव 8110 रुपये क्विंटल होता. सीसीआयला विकायचं तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करा, स्लॉट घ्या, ओलावा 12 टक्क्यांच्या आत ठेवा. आमच्या बाबांना मजुरांचे पैसे लगेच द्यायचे होते. त्यांनी थोडा कापूस खेडा खरेदीत कमी भावानं देऊन टाकला. विकायचं स्वातंत्र्य होतं, थांबायची ऐपत नव्हती.

हे सगळं आजोबांना ऐकवलं, तर ते म्हणाले, ‘‘सरकार काट्यावर उभं पाहिजे, रस्त्यात आडवं नाई.’’ काट्यावर म्हणजे वजन बरोबर होतं की नाही, हे बघायला.

पुढच्या बजेटच्या दिवशी आपण ‘काय स्वस्त, काय महाग’चे रील्स फॉरवर्ड करूच. त्यासोबत एवढंही विचारूया : माझ्या 45 रुपये 61 पैशांतून सरकार कुठं उभं राहतंय, काट्यावर की रस्त्यात?