कन्सोल घेताय? आधी थर्मामीटर बघा!

बोनस जमा झाला, ईएमआय मंजूर झाला आणि मित्राचा फोन आला, 'सांग ना बे, प्लेस्टेशन घेऊ की एक्सबॉक्स?' पुण्या-मुंबईत या प्रश्नावर अख्खी रात्र वाद घालता येतो. पण हा पठ्ठ्या चंद्रपूरचा. मी उलट विचारलं, 'मे महिन्यात तुझ्या खोलीत तापमान किती असतं?'

चेष्टा नाही हो! सोनीच्या माहितीपुस्तिकेत पीएस५ वापरण्यासाठी ५ ते ३५ अंश सेल्सिअस ही मर्यादा दिली आहे. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४५ ओलांडतो, कधी ४७सुद्धा. कन्सोल फार तापला की स्क्रीनवर इशारा येतो आणि खेळ तिथंच थांबतो. मग उपाय? टीव्हीखालच्या बंद कप्प्यात कन्सोल कोंबू नका, चारही बाजूंनी हवा खेळू द्या. कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका, ती हवा दमट असते. घुग्घुस, बल्लारपूरकडे राहत असाल, तर कोळशाची धूळ जाळ्यांवरून नियमित पुसा. आणि मॅच रात्री लावा, बॉस!

दुसरा प्रश्न डिस्कचा. २०२४च्या एप्रिलमध्ये पीएस५ स्लिम भारतात आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत होती ५४,९९० रुपये आणि डिजिटलची ४४,९९०. एक्सबॉक्समध्येही २०२०च्या सीरिज एसला डिस्क ड्राइव्हच नाही. दहा हजार वाचतात म्हटल्यावर कोणीही डिजिटलकडे वळेल. पण जरा हिशेब करा. आजचा मोठा गेम सहज १०० जीबीपर्यंत जातो. १० एमबीपीएसच्या लाइनवर तो उतरायला बावीस तास लागतात. मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर? पन्नास दिवस!

डिस्क असली की गेमचा बराचसा डेटा डिस्कवरूनच कन्सोलमध्ये जातो. नंतरच्या अपडेट्सना नेट लागतंच, हे खरं. पण खेळून झालेली डिस्क मित्राला देता येते, विकताही येते. साधारण पाच हजारांच्या गेममागे हा फंडा छोटा नाही.

मित्रानं डिजिटलच घेतला. घरी फायबर होता, सगळं मस्त चाललं. आणि मग बदलीची ऑर्डर आली : भामरागड! पर्लकोटेला पूर आला की अनेकदा जगापासून तुटलेलं गाव. आधी उतरवलेले गेम तिथं ऑफलाइन चालतात, नवीन गेमचं मात्र नाव काढायचं नाही. स्लिमच्या डिजिटल मॉडेलला ड्राइव्ह नंतर जोडता येतो, पण पहिल्या जोडणीलाही इंटरनेट लागतं.

त्यामुळे आता तो सुट्टीला निघाला की सॅकमध्ये कपड्यांच्या घड्यांत कन्सोल गुंडाळतो आणि आलापल्लीमार्गे एसटीनं चंद्रपूर गाठतो. दारातच आई विचारते, 'जेवतोस ना रे?' आणि हा म्हणतो, 'आधी वायफाय लाव.'

तेव्हा दोस्तहो, नोकरी बदलीची असेल, तर डिस्कवालाच घ्या. एक्सबॉक्स की प्लेस्टेशन, ते मित्रांकडं जे असेल ते. डिस्कची अदलाबदल तरी होईल!