टर्मिनलमधली नोंदवही: ऐकीव आणि खरं

टर्मिनलमध्ये नोंदी ठेवायच्या म्हटलं की लोकांना वाटतं, हे प्रोग्रॅमर मंडळींचं काम. हा समज फार वेळ टिकत नाही. ‘एनबी’ नावाचा एक मोफत प्रोग्रॅम घ्या. लिनक्स आणि मॅकवर तो सरळ चालतो, विंडोजवर डब्ल्यूएसएल या लिनक्स चालवण्याच्या सोयीतून. ‘एनबी अ‍ॅड’ आणि पुढे अवतरणचिन्हांत मजकूर: ‘घरपट्टीची पावती निळ्या फायलीत’. एंटर दाबलं की नोंद झाली, तिला क्रमांकही मिळाला. पुढे कधीतरी ‘एनबी सर्च घरपट्टी’ म्हटलं की ती समोर हजर. आज्ञा रोमन अक्षरांत, मजकूर हव्या त्या लिपीत. असे चार-पाच शब्द हाताखाली आले की रोजचं काम भागतं.

दुसरी धास्ती अशी की उद्या प्रोग्रॅम बंद पडला तर नोंदीही गेल्या. तसं होत नाही, कारण नोंदी प्रोग्रॅमच्या पोटात नसतातच. प्रत्येक नोंद म्हणजे मार्कडाऊनमधली एक साधी मजकुराची फाईल. नाव दिलं नाही तर तारीख-वेळेचा आकडा हेच तिचं नाव. ज्या फोल्डरमध्ये त्या असतात त्याचं नाव टिंबाने सुरू होतं, म्हणून तो लपलेला राहतो आणि नवखा माणूस उगाच घाबरतो. लिनक्सच्या बऱ्याच फाईल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबलं की तो दिसतो. एनबी काढून टाकलं तरी या फायली कुठल्याही एडिटरमध्ये उघडतात.

‘मराठी चालत नाही’ हे मात्र अर्धं खरं आहे. टर्मिनलचा पडदा सारख्या रुंदीच्या चौकटींत मांडलेला, रोमन अक्षरांच्या सोयीने. त्यात जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटतात. पण विस्कटतं ते दिसणं. फाईलमध्ये मजकूर यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत शाबूत असतो.

खरी अडचण शोधताना येते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला आडवा अर्धा र संगणकात वेगवेगळ्या प्रकारे साठवलेला असू शकतो. एका कीबोर्डवरून तो खास ‘ऱ’ या अक्षरापासून बनतो, दुसऱ्यावरून साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह मिळून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण ग्रेपसारखं शोधसाधन आकार पाहत नाही, आतले संकेतांक पाहतं, आणि नोंद असूनही ‘सापडली नाही’ म्हणून मोकळं होतं. गंमत म्हणजे १९७३ च्या सुमारास ग्रेप लिहिणाऱ्या केन थॉम्पसन यांनीच १९९२ मध्ये रॉब पाईक यांच्याबरोबर यूटीएफ-८ तयार केलं. उपाय सोपा आहे: अख्खा शब्द न शोधता ‘शेतक’ एवढंच शोधा. आणि शक्यतो घरच्या व ऑफिसच्या संगणकावर एकच कीबोर्ड ठेवा. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाइप केलेल्या जुन्या फायलींना मात्र ही युक्ती लागू नाही. त्या आधी रूपांतरित कराव्या लागतात.

गैरसमज फक्त बाहेरच्यांचे असतात असंही नाही. टर्मिनलवाले छातीठोकपणे सांगतात, ‘एनबी प्रत्येक बदल गिटमध्ये नोंदवतं, म्हणजे बॅकअप आपोआप झाला.’ कसला झाला? गिट बदलांचा इतिहास ठेवतं खरं, पण तो इतिहास त्याच डिस्कवर असतो. लॅपटॉप चोरीला गेला तर नोंदींबरोबर इतिहासही जातो. दुसऱ्या ठिकाणची रिपॉझिटरी जोडून सिंक केलं, तरच प्रत बाहेर पडते. उलट बाजूही लक्षात घ्या: पासवर्ड लिहून नंतर नोंद पुसली, तरी जुन्या इतिहासात तो वाचता येतो, आणि सिंक चालू असेल तर दुसऱ्या ठिकाणीही पोचलेला असतो. नोंद कुलूपबंद करण्याची सोय एनबीत आहे, पण ती त्या-त्या नोंदीसाठी मुद्दाम मागावी लागते. शिवाय कुलूप मजकुराला लागतं, फाईलच्या नावाला नाही. नाव ‘लॉकरचा-आकडा’ असं ठेवलं, तर ते यादीत सरळ दिसतं.

बाजारात उभ्याउभ्या फोनवर काही टिपायचं असेल, तर हे साधन गैरसोयीचं. तिथे फोनमधलं नेहमीचं अ‍ॅप वापरावं आणि ठेवण्याजोगं तेवढं घरी येऊन एनबीत उतरवावं.