बालदमा खरंच वाढतच चाललाय?

‘हल्ली घरोघरी एक तरी दमेकरी मूल आहे,’ असं सर्रास म्हटलं जातं. दम्याचा आलेख फक्त वरच जातो, हा त्यामागचा समज. अमेरिकेत १९८० ते १९९५ या काळात मुलांमधल्या दम्याचं प्रमाण ३.६ वरून ७.५ टक्क्यांवर गेलं, हे खरं. पण २०१०च्या आसपास ही वाढ थांबली आणि पुढे प्रमाण उतरू लागलं. ब्रिटन, न्यूझीलंडमध्ये तर १३-१४ वर्षांच्या मुलांतली छातीतली घरघर, म्हणजे दम्याचं ठळक लक्षण, त्याआधीच कमी होऊ लागली होती.

दुसरा समज असा, की दमा होतो तो प्रदूषणामुळेच. जर्मनीच्या एकत्रीकरणानंतर संशोधक एरिका फॉन म्यूटियस यांनी दोन शहरांतल्या मुलांची तुलना केली. पूर्वेकडच्या, कोळशाच्या धुराने भरलेल्या लाइपझिगपेक्षा पश्चिमेकडच्या स्वच्छ म्युनिकमध्ये दमा जास्त निघाला. लाइपझिगच्या मुलांना ब्राँकायटिसचा त्रास मात्र अधिक होता. धुराने दम्याचा झटका येतो, यात शंका नाही. पण ॲलर्जी, आनुवंशिकता, लहानपणीचे संसर्ग आणि राहणीमान यांचाही दम्यात वाटा असतो.

भारतातले आकडे कमी दिसतात, म्हणून निर्धास्त राहणं मला सगळ्यांत घातक वाटतं. ‘ग्लोबल अस्थमा नेटवर्क’ या आंतरराष्ट्रीय संशोधन गटाच्या भारतातल्या पाहणीत, आदल्या वर्षभरात छातीत घरघर झालेली मुलं ६-७ वर्षांच्या गटात ३.१६ टक्के आणि १३-१४ वर्षांच्या गटात ३.६३ टक्के होती. टक्का लहान आहे. पण याच पाहणीत घरघर असलेल्यांपैकी ८२ टक्क्यांपर्यंत लोकांना दम्याचं निदानच मिळालेलं नव्हतं. घराघरांत या घरघरीला ‘कफाची प्रकृती’ म्हणतात. दरवेळी खोकल्याचं औषध आणि अँटिबायोटिक दिलं जातं, मूल रात्री उठून खोकत राहतं आणि मैदानावर लवकर धापा टाकतं.

‘बाळदमा मोठेपणी जातो’ हे अर्धंच खरं. सर्दीबरोबर घरघरणारी बरीच लहान मुलं पुढे बरी होतात. ॲलर्जी किंवा तीव्र त्रास असलेल्यांचा दमा टिकण्याची शक्यता जास्त असते, आणि थांबलेला दमा तरुणपणी परतूही शकतो.

राहिला दम्याचा पंप, म्हणजे इनहेलर. त्याची सवय लागत नाही. त्यातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजलं जातं आणि थेट श्वासनलिकेत पोचतं. लहान मुलांना ते पंपाला स्पेसर नावाची नळी लावून देतात. खोकला वारंवार, विशेषतः रात्री किंवा पळाल्यावर येत असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा: हा दमा आहे का? साधारण पाच-सहा वर्षांच्या पुढे मुलाची फुंकून करायची स्पायरोमेट्री चाचणीही करता येते.